पहिला फोन आमच्या गोठ्यातून गेला

14 सप्टेंबर 2022, बुधवार. पितृपंधरवडा सुरू होता. पहाटे साडेचारला चंद्रीच्या धारेला बसले आणि कासेला हात लावला तर कास भाजत होती. कानाच्या मुळाशी हात नेला, तिथंही तसंच. रात्री टाकलेला घास गव्हाणीत तसाच पडलेला. एका वेळेला नऊ-दहा लिटर देणारी गाय, बादलीत चार लिटर जमेना. आधी वाटलं, कासदाह असेल. बॅटरी आणून नीट पाहिलं तर मानेवर एका जागी केस ताठ उभे राहिले होते आणि केसांच्या खाली सुपारीएवढी गाठ. मग खांद्यावर एक, पोटाखाली दोन. अकरापर्यंत मोजल्या आणि पुढं मोजायचा धीर झाला नाही.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. चार संकरित गायी, एक गाभण कालवड आणि चंद्रीची अडीच महिन्यांची वासरी. शेजारच्याच गोठ्यात दिरांची बैलजोडी. घर दुधावर चालतं. लम्पी, म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग, हा शब्द तोवर आम्हाला नवा राहिला नव्हता. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावलला 4 ऑगस्टला रोग सापडल्याचं पेपरात वाचलं होतं. पोळ्याला यंदा बैलांची मिरवणूक काढायची की नाही, यावरून पारावर वाद झाले होते. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारनं सगळं राज्यच नियंत्रित क्षेत्र, म्हणजे रोगामुळे जनावरांच्या ने-आणीवर आणि बाजारांवर बंधनं असलेला भाग, म्हणून जाहीर केलं. त्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. मी त्या वेळी ग्रामपंचायत सदस्य होते. शिपायाकडून ती नोटीस मीच लावून घेतली होती, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून.

नोटिशीवर कायद्याचं लांबलचक नाव होतं: प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व त्यांचे नियंत्रण अधिनियम, 2009. खाली कलम 4 चा आधार देऊन लिहिलेलं की जनावरात रोगाची लक्षणं दिसली तर मालकानं ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे. ‘बंधनकारक’ हा शब्द तेव्हा मी वाचला होता, पण तो माझ्याच गोठ्यासाठी आहे असं मनात आलं नव्हतं.

सकाळी आठला एरवी सलाईन-इंजेक्शनला येणारे खाजगी डॉक्टर आले. त्यांनी लांबूनच पाहिलं, तापाचं इंजेक्शन दिलं आणि पैसे घेताना हळूच म्हणाले, “वहिनी, दोन-तीन दिवस कुणाला बोलू नका. गावात पहिलं नाव तुमचं नको.” सासूबाईंचंही तेच. “आगं, कशाला बोभाटा करतीस? गाठी काय, उन्हाच्या बी येत्यात. उतार पडंल.” हे काहीच बोलले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं. माझ्याही डोक्यात तेच होतं. नाव फुटलं की डेअरी दूध बंद करणार. दिरांनी बैलजोडीचा सौदा जवळजवळ ठरवला होता, तो मोडणार. आमच्या हौदावर तीन घरची जनावरं पाणी पितात, ते तिघं काय म्हणतील?

दुपारी एक व्यापारी आला. त्याला कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. गाय न बघताच म्हणाला, “पंचवीस हजार रोख देतो. रात्री गाडी आणतो, सकाळी तुमचा गोठा मोकळा. पुढचं माझं मी बघतो.” चंद्री दुसऱ्या वेताची, ऐंशी हजारांच्या खाली कुणी मागितली नसती अशी गाय. तरी खरं सांगते, त्या दुपारी पंचवीस हजार मला कमी वाटले नाहीत. गाय गेली तर प्रश्नच गेला, असं अर्धा तास वाटत राहिलं. मग मनात आलं, हा तिला घेऊन जाणार कुठं? नाशिककडे, नाहीतर नगरकडे, कुठल्या तरी लांबच्या गावात दुसऱ्या दावणीला बांधणार. तिथंही माझ्यासारखीच कुणीतरी पहाटे धारेला बसत असेल. मी त्याला नाही म्हणाले. नियंत्रित क्षेत्रातून आजारी जनावर हलवणं गुन्हा आहे, आणि नुसतं जनावरच नाही, त्याचा चारा, त्याच्याखालचं बसकाट, मेलं तर त्याचं कातडंसुद्धा बाहेर न्यायला बंदी आहे, हे मला नंतर नोटीस पुन्हा नीट वाचल्यावर कळलं. त्या दुपारी कायद्यापेक्षा ती दुसरी दावणच डोळ्यांपुढं होती.

संध्याकाळी मी फोन केला.

फोन केला म्हणजे काम झालं, असं नव्हतं. दवाखान्यात कुणी उचलला नाही. डॉक्टरांकडे तेव्हा तीन दवाखान्यांचा कारभार होता आणि ते पलीकडच्या गावात लसीकरणात अडकले होते, हे मागाहून समजलं. ग्रामसेवक भाऊसाहेबांना लावला. ते म्हणाले, “ताई, लेखी द्या, म्हणजे मला पुढं पाठवता येईल.” मुलीच्या वहीचा कागद फाडून मी अर्ज लिहिला. गायीचं वय, रंग, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक, लक्षणं कधी दिसली, गोठ्यात आणखी किती जनावरं आहेत. खाली सही केली आणि दुसऱ्या कागदावर पोच घेतली. हे मी मुद्दाम सांगते. तोंडी कळवलं तरी कायद्यानं कळवल्यासारखंच आहे, पण पोचेचा तो चतकोर कागद पुढं मला तीनदा कामी आला. कुणाच्या गोठ्यात असं झालं तर तारीख टाकून लिहून द्या आणि सही घ्या. रात्री नऊला डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. “सकाळी सातला येतो. तोवर वासरी गायीपासून तोडा आणि गाय बाकीच्यांपासून.”

वेगळं बांधायचं. ऐकायला सोपं आहे. आजारी जनावर निरोगी जनावरांपासून अलग ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, तेही कायद्यात आहे. पण आमच्या गोठ्यात एकच दावण, एकच गव्हाण. अलग म्हणजे कुठं? शेवटी कांद्याची चाळ आठवली. निम्मी चाळ रिकामी झाली होती. रात्री दहाला आम्ही दोघांनी उरलेला कांदा एका कडेला लोटला, फळ्यांना आतून शेडनेट मारली आणि चंद्रीला तिथं नेलं. ती पायरीवर अडली. पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली सुजले होते, उचलताना कण्हत होती. वासरी गोठ्यात हंबरत होती आणि ही चाळीतून उत्तर देत होती. रात्रभर ते चाललं.

सकाळी डॉक्टर सातला खरोखरच आले. अंगावर पांढरा एप्रन, हातमोजे, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. हे पाहायला रस्त्यावर माणसं थांबली आणि त्या क्षणापासून गावाला सगळं कळलं. ताप 105.8 भरला. खांद्यापुढची गाठ त्यांनी मला दाबून दाखवली, लिंबाएवढी झाली होती. रक्त घेतलं, गाठीवरची खपली घेतली, नाकातला स्राव घेतला. नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाणार होते. “रिपोर्टची वाट पाहायची नाही. उपचार आजपासून आणि लस परवापासून,” म्हणाले. मी विचारलं, विषाणूवर औषध असतं का? नसतं, म्हणाले. ताप उतरवायचा, गाठी फुटल्या तर त्यात दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, जनावर खातं-पितं ठेवायचं, बाकी त्याच्या अंगातल्या ताकदीवर. त्यांनी सांगितलेला घरचा उपायही आम्ही केला: विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम मीठ वाटून गुळात घालून चाटवायचं. त्यानं किती गुण आला ते मी सांगू शकत नाही, पण चौथ्या दिवशी तिनं गुळासाठी जीभ बाहेर काढली तेव्हा मला रडू आलं होतं.

उपचाराचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. औषधं सरकारी होती. हेही लिहून ठेवते, कारण त्या दिवसांत भीती दाखवून दारोदार पैसे उकळणारेही फिरत होते.

मग त्यांनी ओट्यावर बसून आम्हाला समजावलं. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. धार काढताना निरोगी गायी आधी, आजारी शेवटी. बादली वेगळी, दोरी वेगळी, शक्य तर माणूसही वेगळं. गोठ्यात सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची फवारणी, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, उकिरडा गोठ्यापासून लांब. सामाईक हौद बंद. आणि शेवटी: “आता तुमच्या गोठ्यापासून पाच किलोमीटरच्या आतली सगळी गावं आमच्या यादीत आली.”

ते वाक्य मी विसरणार नाही. एका गायीच्या मानेवरच्या गाठीवरून नकाशावर वर्तुळ निघालं, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध आमचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या सचिवांनी कॅन उतरवूच दिला नाही. चंद्रीचं दूध त्यात नव्हतं, ते आम्ही वासरीला उकळून पाजत होतो आणि उरलेलं टाकत होतो. बाकीच्या तीन गायींना साधा तापही नव्हता. मी नोटीस दाखवली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दुधातून माणसाला रोग होत नाही. “तुमचं बरोबर आहे वहिनी, पण बाकीचे म्हणतात, त्यांचा कॅन आला तर आमचा येणार नाही.” नऊ दिवस दूध घरी राहिलं. पहिले दोन दिवस खवा आटवला, पण तोही कुणी घेईना. घरचा रतीब घेणाऱ्या दोन बायांनी निरोप पाठवला, सध्या नको. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी लेखी पत्र दिलं, मी पोचेच्या कागदासकट ते सचिवांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठं कॅन उतरला. ते नऊ दिवसांचं दूध कुठल्याच भरपाईत बसत नाही. मी विचारून पाहिलं.

दीर बोलायचे बंद झाले. बैलबाजार सगळेच बंद होते. तालुक्याचा, जिल्ह्याचा, कुठलाच भरत नव्हता. नियंत्रित क्षेत्रात जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शनं भरवायलाच मनाई असते. म्हणजे मी कळवलं नसतं तरी त्यांची जोडी बाजारात गेली नसती. हे त्यांना यांनी दोनदा सांगितलं. पण माणसाला समोर दिसणाऱ्याचाच राग येतो, आणि त्यांच्यासमोर मी होते.

लसीकरणाचं पथक तिसऱ्या दिवशी आलं. बर्फाची पेटी, रजिस्टर, बिल्ले मारायचं यंत्र. लस शेळ्यांच्या देवीची होती, कारण लम्पीचा विषाणू त्याच कुळातला. नव्या स्वदेशी लसीबद्दल ऑगस्टमध्ये बातम्या येऊन गेल्या होत्या, पण आमच्या हातात आली ती हीच. प्रत्येक जनावराला एक मिली, कातडीखाली. मी त्यांच्याबरोबर दिवसभर फिरले आणि एकच गोष्ट पाहत राहिले, की सुई दर जनावराला नवी घेतात का. घेत होते. एकाच सुईनं गोठेच्या गोठे टोचले तर लस देणाराच रोग पोचवतो, हे डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं. काही घरांनी दारं लावून घेतली. “आमच्या गायी चांगल्यात, टोचल्यावर दूध कमी होतं.” तिथं पोलीस पाटलांनी मदत केली. दमदाटी नाही, त्यांनी स्वतःच्या गायी पहिल्यांदा रस्त्यावर आणून टोचून घेतल्या. लसीकरणाला आडवं आलं तर दंड आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. चार दिवसांत गाव झालं, मग आजूबाजूच्या वाड्या.

आमच्या गोठ्यातल्या निरोगी जनावरांनाही टोचलं. तरी आठवड्यानं गाभण कालवडीच्या पाठीवर चार गाठी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, लशीनंच झालं. डॉक्टर म्हणाले, रोग अंगात शिरल्यापासून गाठ दिसेपर्यंत कधी कधी चार आठवडेही जातात, म्हणजे टोचायच्या आधीच माशी चावून गेली असणार. कालवडीला सौम्य झालं, आठ दिवसांत ती सावरली. म्हणूनच सगळीकडे 28 दिवसांचा हिशोब होता. जनावर दुसरीकडे न्यायचं तर लस टोचून 28 दिवस झालेले हवेत, कानात बिल्ला हवा आणि सोबत डॉक्टरांचा दाखला हवा. दिरांना पुढं ऑक्टोबरमध्ये हाच दाखला मिळाला. ऊसतोडीचा हंगाम उघडत होता, बाजार बंद असल्यामुळे तोडकरी दारोदार बैल शोधत होते, आणि दाखला असलेली जोडी म्हणून त्यांना ठरलेल्यापेक्षा थोडा जास्तच भाव मिळाला. त्या संध्याकाळी ते स्वतःहून चहाला आले.

वासरीबद्दल लिहायचं टाळत इथवर आले.

लस चार महिन्यांवरच्या जनावरांना होती. ती अडीच महिन्यांची. 20 सप्टेंबरला तिला ताप आला. तिच्या गाठी बाहेर कमी आणि आत जास्त होत्या. तोंडात, नाकात, घशात. बाटलीनं पाजलेलं दूध नाकावाटे परत यायचं. डॉक्टर तीनदा येऊन गेले, एकदा रात्री अकरालाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे, श्वास घेताना घशातून घरघर ऐकू यायची. 27 तारखेला, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चंद्री चाळीत उभी होती आणि त्या पहाटे तिनं हाक दिली नाही.

रडायलाही फार वेळ नव्हता, कारण मेल्यावरही कायद्याची प्रक्रिया असते. गावात मेलेलं जनावर टाकायची जागा म्हणजे जुनी खाण, किंवा अंधारात नदी. पूर्वी आमच्याही घरानं तेच केलेलं आहे. आता बाधित जनावराचं शव नदीत, तलावात, पाण्यात टाकलं तर वेगळी आणि मोठी शिक्षा आहे, पहिल्या गुन्ह्यालाच दोन हजार रुपये दंड. पण त्याआधी आणखी एक गोष्ट: पुरायची घाई करायची नाही. पंचनामा आधी. मी डॉक्टरांना, भाऊसाहेबांना फोन केला. अकरा वाजता सगळे जमले. दोन पंच म्हणून कुणी पुढं येईना. शेवटी पोलीस पाटील आणि, मला अजून नवल वाटतं, हौदावर पाणी बंद झालेल्या तिघांपैकी एक जण आले.

पंचनाम्यात अडचण निघाली. वासरीच्या कानात बिल्ला नव्हता. इतक्या लहान वासराला आम्ही मारलाच नव्हता. बिल्ला नसला तर जनावर कागदावर नसतं. भाऊसाहेब पेन थांबवून बसले. डॉक्टरांनी त्यांच्या उपचाराच्या रजिस्टरात पाहिलं. चंद्रीच्या क्रमांकापुढं त्यांनी पहिल्याच दिवशी ‘सोबत वासरी, मादी, अडीच महिने’ असं लिहून ठेवलं होतं. तो उतारा आणि माझा 14 तारखेचा अर्ज, ज्यात गोठ्यातल्या सगळ्या जनावरांची नोंद होती, असं दोन्ही जोडून तिची ओळख धरली. वहीच्या त्या फाटक्या कागदानं ती या गोठ्यात जन्मली होती हे सिद्ध केलं. फोटो काढले, सह्या झाल्या.

बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब, जेसीबीनं आठ फूट खड्डा घेतला. खाली चुना, वर चुना, मग माती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे टाकले. सासूबाईंनी हळद-कुंकू टाकलं. फोन करू नको म्हणणाऱ्या त्याच बाई खड्डा बुजेपर्यंत उन्हात उभ्या होत्या.

सरकारनं मदत जाहीर केलेली होती: दुधाळ गायीला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. अर्जासोबत पंचनामा, आधार, बँकेचं पासबुक. माझ्या पासबुकावर माहेरचं आडनाव होतं, त्यामुळे अर्ज एकदा परत आला. नोटरी, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. पैसे जानेवारीत जमा झाले. सोळा हजार पूर्ण आले, मधे कुणी एक रुपया मागितला नाही. हेही सांगायलाच हवं.

चंद्री वाचली. गाठी पिकल्या, गळून पडल्या, पोटाखालची एक जखम महिनाभर भरत नव्हती. दूध निम्म्यावर आलं ते त्या वेतात चढलंच नाही. अंगावर अजून चट्टे आहेत, नाण्याएवढे, तिथं केस येत नाहीत. वसुबारस त्या वर्षी 21 ऑक्टोबरला होती. वसुबारशीला पूजा करायची ती गाय-वासराची. आमच्या दावणीला वासरू असलेली गायच नव्हती. सासूबाईंनी चंद्रीला ओवाळलं, मग वासरीच्या रिकाम्या खुंट्यापुढं बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी ठेवली आणि काही न बोलता आत गेल्या.

त्यानंतर मी तो कायदा पूर्ण वाचला. मुलीनं शोधून दिला, दोन रात्री लागल्या. वाचून वाटलं, त्यात बऱ्याच गोष्टींचा विचार आहे. नाके आहेत, अलगीकरणाचे तळ आहेत, बाजारबंदी आहे, लसीचा दाखला आहे, शव कसं पुरायचं ते आहे. हा रोग देशात 2019 मध्ये ओडिशात दिसला, 2020 मध्ये आपल्या गडचिरोलीत सिरोंचाकडे आला. म्हणजे 2022 मध्ये सरकारला तो नवा नव्हता आणि कायदाही तयार होता. पण ही सगळी यंत्रणा एका माणसाच्या कळवण्यावर उभी आहे. वर्तुळ काढायला मधला ठिपका लागतो, आणि तो ठिपका कुणीतरी स्वतःच्या दारात द्यायचा असतो. न कळवणाऱ्याला पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि मला कळवण्यापायी नऊ दिवसांचं दूध, रतीब, दिराचा अबोला. ज्याच्याकडे दोनच गायी आहेत तो हा हिशोब लगेच करतो आणि व्यापाऱ्याची रात्रीची गाडी बोलावतो. त्याला मी वाईट म्हणणार नाही, मी स्वतः अर्धा तास तिथं उभी होते. दंड वाढवून तो फोन करेल, असं मला वाटत नाही. त्याच्या निरोगी गायींचं दूध त्या दिवसांत उचलायचं बंधन डेअरीवर घाला, अलग बांधायला गावात एखादी सावलीची जागा करून द्या, आणि दवाखान्यात फोन उचलायला माणूस नेमा. एवढं झालं तर कलम 4 आपोआप पाळलं जाईल. ग्रामसभेत मी हे मांडलं, ठराव झाला. जागेचं तेवढं झालं, गायरानाच्या कडेला पत्र्याचं शेड उभं आहे. दुधाचं आमच्या हातात नाही म्हणाले.

पुढच्या वर्षी मी ऑगस्ट लागायच्या आतच लस टोचून घेतली. नव्या वासरांचेही बिल्ले वेळेवर मारले. (आता तर 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीच करता येत नाही.) कालवड डिसेंबरात व्याली होती, गोऱ्हा झाला, ठणठणीत. 2023 च्या पावसाळ्यात लम्पी पुन्हा आला आणि त्या खेपेला लहान वासरांवर जास्त आला. सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या पंचनाम्याला पंच म्हणून आलेले तेच शेजारी. आवाज अगदी दबका. “वहिनी, वासराच्या मानेवर दोन गाठी लागल्यात हाताला. काय करू? कळवू का?”

मी म्हणाले, आता लगेच वासरू वेगळं बांधा, अर्जाचा कागद मी घेऊन येते. आणि सकाळी तुमच्या कॅनबरोबर डेअरीवर मी येते.